डिझेल उपसणाऱ्या पंपाला सौरऊर्जेची जोड

हातकणंगले : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गावर पुलाची शिरोली येथे पाणी चढले आणि कोल्हापूरकडे येणारी वाहतूक काही दिवस ठप्प झाली. सांगलीहून हातकणंगलेमार्गे कोल्हापूरला येणाऱ्या रस्त्यालाही पुराने वेढले. इंधनाचे टँकर पोहोचेनासे झाल्यावर शिल्लक पेट्रोल व डिझेल अत्यावश्यक सेवेतील वाहनांसाठी राखून ठेवण्याची वेळ जिल्हा प्रशासनावर आली. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा पाण्याखाली गेला. पंचगंगेची इशारा पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट, तर धोका पातळी ४३ फूट मानली जाते. या दोन्ही वर्षी नदी ५५ फुटांच्या पुढे गेली होती.

अशा दिवसांत इंधनाची टंचाई सर्वांच्या लक्षात येते. तिच्या आड दडलेला दुसरा प्रश्न मात्र सहसा चर्चेत येत नाही. पूर चढू लागला, की अपघात टाळण्यासाठी रोहित्रे बंद करावी लागतात आणि गावेच्या गावे अंधारात जातात. जमिनीखालच्या टाकीत किंवा कारखान्याच्या आवारातील बॅरलमध्ये डिझेल शिल्लक असले, तरी ते उपसून बचावकार्याच्या बोटीत, रुग्णवाहिकेत, पाणीपुरवठ्याच्या जनित्रात भरणारा पंप विजेवर चालतो. जनित्र चालवायला डिझेल हवे आणि डिझेल काढायला जनित्र हवे, असा हा पेच आहे. तो सोडविण्यासाठी इंधन उपसणारा पंप सौरऊर्जेवर चालविता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, याची ही माहिती.

विजेची गरज किती?

सौरपंप म्हटले, की हातकणंगले तालुक्यातील शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर वारणा-पंचगंगेच्या काठावरील पाणी उपसण्याचा पंप उभा राहतो. राज्य शासनाच्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेत जमिनीच्या क्षेत्रानुसार ३, ५ किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप दिला जातो. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. हा पंप पाण्यासाठी आहे. इंधनासाठी तो वापरता येत नाही आणि तशी सवलतही नाही. तरीही तुलनेसाठी तो उपयोगी आहे. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. तो सहा तास चालला, तर सुमारे २२ युनिट वीज खर्च होते.

इंधनाचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. बॅरलमधून ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरण्यासाठी बाजारात १२ व्होल्टचे लहान पंप मिळतात. त्यांतील सर्वसाधारण पंप मिनिटाला सुमारे ४० लिटर डिझेल देतो आणि त्याला साधारण १५ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे १८० वॅट. दोनशे लिटरचे बॅरल पाच मिनिटांत रिकामे होते आणि त्यासाठी १५ वॅट-तास, म्हणजे युनिटचा सुमारे सत्तरावा भाग एवढीच वीज लागते. पाण्याच्या पंपाच्या एका दिवसाच्या विजेत अशी जवळपास दीड हजार बॅरल रिकामी होतील. दोनशे लिटर डिझेलचे वजन १६५ ते १७० किलो भरते आणि ते दीड-दोन मीटर उचलायचे असते. काम मुळातच हलके आहे. त्यातही बहुतेक वीज मोटरमधील व नळीतील घर्षणात जाते.

दुसरा फरक वेळेचा आहे. पाण्याचा सौरपंप बॅटरीशिवाय चालतो, कारण ऊन असेल तेव्हा पाणी उपसावे, ते शेतात वा टाकीत साठावे, एवढीच अपेक्षा असते. ढग आला, की धार बारीक होते आणि कोणाचे फारसे बिघडत नाही. इंधनाची गरज मात्र पहाटे चार वाजता ऊसतोडणी यंत्र फडावर निघताना असते किंवा रात्री जनित्र बंद पडल्यावर असते. म्हणून येथे बॅटरी टाळता येत नाही. पॅनेल थेट पंपाला जोडण्याचा खटाटोप अनेकदा फसतो. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, पॅनेल तेवढा प्रवाह देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळते आणि मोटर नुसती गुणगुणत राहते.

बॅरल, बॅटरी आणि पॅनेल

गळीत हंगामात रोज हजार लिटर डिझेल वाटणारा ऊस वाहतूक ठेकेदार उदाहरणादाखल घेऊ. हुपरीचा जवाहर, नरंदेचा शरद अशा सहकारी कारखान्यांच्या परिसरात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे असे ताफे नवे नाहीत. हजार लिटरसाठी ७५ वॅट-तास वीज लागेल. पन्नास वॅटचे पॅनेल हिवाळ्यात व उन्हाळ्यात दिवसाला पूर्ण उन्हाचे चार तास जरी धरले आणि वाटेतील घट वजा केली, तरी सुमारे १४० वॅट-तास देते. पावसाळ्यात ढगाळ हवेत ते निम्म्यावर येते आणि हिशेब जेमतेम जुळतो. म्हणून ७५ ते १०० वॅटचे पॅनेल घेणे शहाणपणाचे. हातकणंगले उत्तर अक्षांश पावणेसतराच्या आसपास असल्याने पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून साधारण १७ अंश कलते ठेवावे. उसाच्या पट्ट्यात धूळ आणि कारखान्याच्या धुराड्यातून पडणारी काजळी पॅनेलवर बसते. ती आठवड्यातून एकदा पुसली नाही, तर वर मांडलेला हिशेब कागदावरच राहतो.

बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर क्षमतेची असेल, तर तिच्यात १,२०० वॅट-तास वीज मावते. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वापरावी, म्हणजे ती टिकते. उरलेल्या ६०० वॅट-तासांत चाळीस बॅरल, अर्थात आठ हजार लिटर डिझेल उपसता येते. ठेकेदाराच्या रोजच्या हजार लिटरच्या हिशेबाने आठ दिवस सूर्यदर्शन झाले नाही, तरी काम अडत नाही. महापुराचा काळ साधारण तेवढाच असतो.

पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवा; तो नसेल तर भर उन्हात बॅटरी उकळते. कंट्रोलरच्या 'लोड' खुणेच्या जोडणीवर मात्र पंप लावू नये. ती जोडणी बहुधा १० अँपिअरपर्यंतचीच असते आणि मोटरच्या पहिल्याच झटक्यात जळते. पंप थेट बॅटरीला, योग्य फ्यूजमधून जोडावा. फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावावा, पंपाच्या टोकाला नव्हे.

वायरीकडे होणारे दुर्लक्ष हे अशा जोडण्या निकामी ठरण्याचे नेहमीचे कारण आहे. घरगुती वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर अंतरावर नेली, तर जाऊन-येऊन वीस मीटर होते आणि १५ अँपिअरला त्यात सव्वादोन व्होल्ट गळतात. २३० व्होल्टला ही घट कोणाच्या लक्षातही येत नाही. १२ व्होल्टला ती जवळपास पाचवा हिस्सा असते. पंप मंद चालतो, तापतो आणि दोष पॅनेलला दिला जातो. त्याच अंतराला दहा चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहते.

असे लहान पंप सलग चालविण्यासाठी नसतात. बहुतेकांवर अर्धा तास चालवून विश्रांती देण्याची सूचना छापलेली असते. नोझल बंद असताना मोटर चालू राहिली, तर डिझेल परत फिरविणारी बायपासची सोय पंपात आहे काय, हे पाहून घ्यावे. पाण्याचा पंप डिझेलला जुंपण्याचा मोह तर टाळावाच. त्यातील रबरी सील डिझेलमध्ये फुगतात आणि गळती सुरू होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आठवड्याला एखादे बॅरल वापरणाऱ्या शेतकऱ्याला यांपैकी कशाचीच गरज नाही. बॅरलच्या तोंडावर बसणारा हाताने फिरवायचा पंप त्याला पुरेसा आहे आणि तो पुरातही चालतो. ट्रॅक्टर बॅरलपाशी उभा करता येत असेल, तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही १२ व्होल्टचा पंप चालतो. सौर जोडणीचा खरा उपयोग आहे तो रोजचा खप मोठा असलेल्या, वाहनांपासून दूर व कायम एका जागी असलेल्या साठ्यासाठी. सर्वांत वाईट पर्याय म्हणजे तोंडाने नळी ओढून डिझेल काढणे. खेड्यापाड्यांत तो आजही सर्रास दिसतो. घोटभर डिझेल श्वासनलिकेत गेले, तरी फुप्फुसांना गंभीर सूज येते, आणि अशा रुग्णाला उलटी करविणे अधिकच घातक ठरते. त्याला तसेच रुग्णालयात न्यावे.

ठिणगीचे गणित

वीज कमी लागते म्हणून हा विषय किरकोळ ठरत नाही. सर्वांत अवघड भाग आगीचा आहे. पेट्रोलियम कायदा, १९३४ अन्वये ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, त्यावरून इंधनांचे वर्ग पाडले आहेत. हे तापमान २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर 'अ' वर्ग, २३ ते ६५ अंशांदरम्यान असेल तर 'ब' वर्ग. पेट्रोल 'अ' वर्गात मोडते. शून्याच्या कितीतरी खालीही त्याची वाफ पेटते. डिझेल 'ब' वर्गात येते. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलसाठी ही मर्यादा किमान ३५ अंश आहे.

'डिझेल पेटत नाही' हा समज या आकड्यापाशी तपासून पाहावा. एप्रिल-मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यात दुपारचे तापमान ३५ अंश सहज ओलांडते. उन्हात ठेवलेले लोखंडी बॅरल तर त्याहून कितीतरी अधिक तापते. म्हणजे हिवाळ्यात निर्धास्तपणे हाताळले जाणारे डिझेल मे महिन्यात पेट घेण्याजोगी वाफ सोडू शकते. बॅरल सावलीत ठेवणे हा सौरयंत्रणेइतकाच महत्त्वाचा भाग आहे. पॅनेलचाच आडोसा करून त्याखाली बॅरल ठेवण्याची कल्पना वरकरणी सोयीची वाटते, पण ती चुकीची आहे, कारण त्यामुळे विजेचे सांधे वाफेच्या ऐन वर येतात.

एकदिश प्रवाहाचा, म्हणजे डीसी विजेचा, एक दुर्गुण येथे आड येतो. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी लवकर विझते. पॅनेलचा प्रवाह शून्यावर येतच नाही. अनेक पॅनेल ओळीने जोडून व्होल्टेज वाढविलेले असेल, तर सैल सांध्यावर पेटलेली ठिणगी जळतच राहते. शिवाय ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारा जिवंत असतात. मुख्य स्विच बंद केला तरी पॅनेलपासून स्विचपर्यंतचा भाग भारितच राहतो. डीसीसाठी बनविलेलाच विच्छेदक स्विच वापरावा आणि तो पॅनेलच्या शक्य तितक्या जवळ बसवावा, तो याचसाठी.

बॅटरीची पेटी बॅरलपासून दूर आणि हवेशीर जागी हवी, कारण चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. पंपाची वायर बॅटरीला चिमट्यांनी जोडण्याची पद्धत बॅरलजवळ धोक्याची आहे. चिमटा लावताना हमखास ठिणगी पडते. कायमची, बोल्टने आवळलेली जोडणी आणि दूरवरचा स्विच हाच उपाय. वाहत्या इंधनातून स्थिर विद्युत निर्माण होते, तिच्यासाठी बॅरल, पंप आणि वाहनाची टाकी तांब्याच्या तारेने एकमेकांशी व जमिनीशी जोडावी आणि नोझल टाकीच्या काठाला टेकवून ठेवावे. इंधन उंचावरून धबधब्यासारखे सोडू नये.

डिझेलसाठी विकले जाणारे साधे १२ व्होल्टचे पंप पेट्रोलसाठी कदापि वापरू नयेत. त्यांच्या मोटरमधील कार्बन ब्रशपाशी चालतानाच ठिणग्या पडत असतात. पेट्रोलसाठी ज्वालारोधक, म्हणजे आतील स्फोट आतच कोंडून धरणारी आणि त्यासाठी प्रमाणित केलेली मोटर लागते.

साठ्याची मर्यादाही कायद्याने आखून दिली आहे. 'ब' वर्गातील इंधन एका ठिकाणी अडीच हजार लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही एक पात्र हजार लिटरपेक्षा मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. पेट्रोलसाठी, तेही विक्रीसाठी नसेल तरच, ही मर्यादा अवघी ३० लिटर आहे. त्यापुढील साठ्याला पेट्रोलियम नियम, २००२ लागू होतात. नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, अर्थात 'पेसो', या नियमांची अंमलबजावणी करते. परवानाप्राप्त जागेत पॅनेल, इन्व्हर्टर वा नवी वायरिंग बसविण्यापूर्वी धोक्याच्या क्षेत्राचा नकाशा तपासावा लागतो. टाकीच्या हवानळ्या नेमक्या कोठे उघडतात, हे पंपाच्या छतावर पॅनेल मांडताना पाहावे लागते, कारण इंधनाची वाफ तेथूनच बाहेर पडते.

पेट्रोल पंपावरील पॅनेल

तिन्ही सार्वजनिक तेल कंपन्यांनी देशातील हजारो पेट्रोल पंपांवर सौर पॅनेल बसविली आहेत आणि महामार्गावरून जाताना ती दिसतातही. त्यामुळे हे पंप वीज गेल्यावरही चालतात, असा अनेकांचा समज आहे. प्रत्येक ठिकाणी तसे नसते.

पॅनेल महावितरणच्या जाळ्याशी जोडलेले आणि बॅटरी नसलेले असेल, तर वीज जाताच त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, यासाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनी हे बंधनकारक केले आहे. नियम रास्त आहे. परिणाम मात्र असा, की डोक्यावर लख्ख ऊन आणि छतावर दहा किलोवॅटची पॅनेल असूनही पंप बंद राहतो. ही यंत्रणा वीजबिल कमी करते, आपत्तीत उपयोगी पडत नाही. आपत्तीसाठी बॅटरीसह चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि जाळ्यापासून आपोआप विलग होणारी जोडणी लागते.

त्यासाठी फार मोठी बॅटरी लागत नाही. पंपावरील वितरण यंत्रातील मोटर साधारण पाऊण किलोवॅटची असते आणि एका नोझलमधून मिनिटाला सुमारे ४० लिटर इंधन पडते. पाच हजार लिटर विक्रीला सव्वाशे मिनिटे लागतील, म्हणजे घट धरूनही सुमारे दोन युनिट. याच पंपाच्या छतावरील शंभर वॅटचे दहा दिवे रात्रभर जळले, तर बारा युनिट लागतात. आपत्तीच्या काळात दिवे कमी केले, वातानुकूलन व हवा भरण्याचा कॉम्प्रेसर बंद ठेवला, तर चार-पाच युनिट साठविणाऱ्या बॅटरीवर पंपाचे मूळ काम दिवसभर चालू शकते. अट एवढीच, की इन्व्हर्टर मोटरचा सुरुवातीचा झटका पेलणारा असावा. मोटर थ्री-फेजची असेल, तर इन्व्हर्टरही तसाच हवा. घरगुती इन्व्हर्टर येथे कामाचा नाही. वितरण यंत्रातील संगणकीय मापनालाही शुद्ध, स्थिर वीज लागते.

पंपाच्या आवारातच पाणी शिरले, तर सौरऊर्जा असो वा जनित्र, पंप बंदच ठेवावा लागतो. टाकीच्या झाकणातून पाणी आत उतरू शकते. ओसरल्यावर मापनदांड्याला पाणीदर्शक पेस्ट लावून तळाशी पाणी आहे काय, हे पाहिल्याशिवाय विक्री सुरू करता येत नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातील बरेचसे याच साखरपट्ट्यातील उसापासून बनते. इथेनॉल पाणी शोषून घेते. प्रमाण वाढले, की पाणी व इथेनॉलचा थर पेट्रोलपासून वेगळा होऊन तळाशी बसतो. पंपाची नळी तळाजवळूनच ओढते, त्यामुळे असे पेट्रोल वाहनात गेले तर इंजिन जागच्या जागी बंद पडते.

म्हणून सौर बॅटरीची सोय करायची, तर ती पूररेषेबाहेरील पंपांवर प्रथम असणे इष्ट. आळते, कुंभोज यांसारखी नदीपासून दूर, उंचावरची गावे आणि खोची, निलेवाडी, इंगळी, रुई यांसारखी काठावरची गावे यांची गरज एकच असली, तरी यंत्रणा टिकेल ती पहिल्या गटात. काठावरच्या गावांसाठी पाणी चढण्यापूर्वी बॅरल, १२ व्होल्टचा पंप आणि भारित बॅटरी उंचावर हलविता येईल, अशी सुटी जोडणी अधिक सोयीची.

अशा सुट्या जोडणीची तपासणी मे अखेरीस, पहिल्या वळवानंतर करावी. बॅटरीतील पाण्याची पातळी, टोकांवर जमलेला पांढरा क्षार, फ्यूज, नळीतील भेगा आणि पंपाची जाळी पाहावी. बॅटरी पूर्ण भरल्यावर पॅनेल झाकून एक बॅरल उपसून पाहावे. त्यास पाच मिनिटांऐवजी आठ-दहा मिनिटे लागली, तर दोष जाळीत, वायरीत किंवा बॅटरीत आहे. पंप चालू असताना बॅटरीच्या आणि पंपाच्या टोकाचे व्होल्टेज मोजले, की तिन्हींपैकी कोणता, ते कळते : दोन्हीकडे कमी भरले तर बॅटरी, केवळ पंपाकडे कमी भरले तर वायर आणि दोन्हीकडे ठीक असेल तर जाळी.